निळे साटिन आणि नौदलाच्या घरची स्त्री

अठराव्या शतकात अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींमध्ये चित्रकाराला उपजीविकेसाठी खरे तर एकच चित्रप्रकार उपलब्ध होता आणि तो म्हणजे व्यक्तिचित्र. तेथे राजदरबार नव्हता, प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरांना वेदीवर लावण्याच्या धार्मिक चित्रांची गरज नव्हती, आणि निसर्गदृश्ये किंवा पौराणिक प्रसंग विकत घेणारा रसिकवर्ग अजून तयार व्हायचा होता. मात्र व्यापारात पैसा मिळवून समाजातील आपले स्थान पक्के करू पाहणाऱ्या कुटुंबांना आपली छबी पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवावी असे वाटत होते, आणि ती इच्छा पुरी करणारा चित्रकार त्यांना हवा होता. बॉस्टन, न्यूपोर्ट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटन या सर्वच शहरांचे वैभव बंदरावर उभे असल्यामुळे चित्रकारासमोर येऊन बसणाऱ्या माणसांत जहाजमालक, कप्तान आणि नौदलातील अधिकारी यांची, तसेच त्यांच्या बायकांची संख्या मोठी होती. या स्त्रियांची चित्रे आज अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील संग्रहालयांत आहेत, परंतु त्यांच्यासमोर थांबणारा प्रेक्षक बहुधा वस्त्राची चमक पाहून पुढे जातो, कारण चित्रातील स्त्रीचे आयुष्य ज्या समुद्राशी बांधलेले होते त्या समुद्राची एकही खूण चित्रात सहसा दिसत नाही.

पुरुषांच्या चित्रांत ही खूण हमखास असते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि १७२९ साली अमेरिकेत आलेला जॉन स्मायबर्ट हा वसाहतींतील पहिल्या प्रशिक्षित चित्रकारांपैकी एक होता. १७४५ साली फ्रेंचांचा लुईबूरचा किल्ला ब्रिटिशांनी जिंकल्यानंतर त्या मोहिमेतील नौदलप्रमुख पीटर वॉरन याचे भव्य चित्र त्याने रंगवले. वॉरनची बायको सुझॅना डीलॅन्सी ही न्यूयॉर्कच्या एका बलाढ्य कुटुंबातील होती, आणि शत्रूची जहाजे पकडून मिळवलेल्या संपत्तीतून या जोडप्याने मॅनहॅटनवर ग्रीनिच येथे मोठी जमीन घेतली. पुढे अमेरिका स्वतंत्र झाल्यावरही ही रीत बदलली नाही. ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धातील नौदलाच्या विजयांनंतर न्यूयॉर्क शहराने आपल्या सिटी हॉलसाठी विजयी कप्तानांची पूर्णाकृती चित्रे करवून घेतली, त्यांत जॉन वेस्ली जार्व्हिसने ऑलिव्हर हॅझर्ड पेरी आणि थॉमस सलीने स्टीफन डिकेटर रंगवला. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील याने चालवलेल्या संग्रहालयातही पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटांवर राष्ट्रातील कर्तबगार व्यक्तींच्या चित्रांच्या रांगा लावलेल्या होत्या, आणि त्या रांगांत जवळजवळ सर्व चेहरे पुरुषांचे होते. कप्तानाचे चित्र अशा रीतीने सार्वजनिक इमारतीत गेले, तर त्याच्या बायकोचे चित्र घरातील दिवाणखान्यातच राहिले.

या दोन चित्रांचा संबंध समजून घेण्यासाठी जोडचित्रांची पद्धत माहीत असणे आवश्यक आहे. सुखवस्तू कुटुंबात नवरा आणि बायको यांची सारख्याच आकाराची दोन स्वतंत्र चित्रे एकाच वेळी करवून घेतली जात. ती शेजारी लावल्यावर दोघे एकमेकांकडे किंचित वळलेले दिसावेत अशी मांडणी केलेली असे, आणि परंपरेप्रमाणे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला नवरा व उजव्या हाताला बायको येई. त्या काळी वसाहतींत लागू असलेल्या इंग्रजी कायद्यानुसार लग्नानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होत असे, त्यामुळे तिला स्वतःच्या नावे करार करता येत नसे, दावा लावता येत नसे किंवा मालमत्ता बाळगता येत नसे. जोडचित्रातील बायको या व्यवस्थेचेच दृश्य रूप आहे असे म्हणता येईल. परंतु समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या घरात या व्यवस्थेला रोजच्या जगण्यात मुरड घालावीच लागे. नवरा महिनोन्महिने, कधीकधी वर्षानुवर्षे दूर असल्यामुळे त्याचा पगार वसूल करणे, देणेकऱ्यांशी बोलणे, घर भाड्याने देणे आणि मुलांच्या शिक्षणाचा निर्णय घेणे ही सर्व कामे बायकोकडे येत, आणि त्यासाठी अनेक नाविक बंदर सोडण्यापूर्वी तिच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवत. कायद्याने जिला अस्तित्व नाकारले होते तीच व्यवहारात घराची कारभारीण होती, आणि या वस्तुस्थितीला चित्रात जागा नव्हती.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बॉस्टनचा चित्रकार जॉन सिंगल्टन कॉप्ली याने १७६३ च्या सुमारास रंगवलेले मर्सी ओटिस वॉरन हिचे चित्र. हे तैलचित्र सध्या बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे, आणि त्याच्या जोडीचे जेम्स वॉरनचे चित्रही तेथेच आहे. जेम्स वॉरन हा युद्धनौकेवरचा अधिकारी नव्हता. तो प्लिमथचा जमीनदार आणि मॅसॅच्युसेट्सच्या राजकारणातील एक प्रमुख माणूस होता. परंतु ब्रिटिश सत्तेविरुद्धचे क्रांतियुद्ध सुरू झाल्यावर वसाहतींच्या नव्या नौदलाचा पूर्व विभागातील कारभार पाहण्यासाठी बॉस्टन येथे जे तीन सदस्यांचे नौदल मंडळ नेमण्यात आले, त्यात विल्यम व्हर्नन आणि जॉन डेशॉन यांच्याबरोबर त्याचा समावेश होता, आणि युद्धनौका बांधून घेणे, त्यांवर माणसे व दारूगोळा चढवणे, कप्तानांच्या तक्रारी ऐकणे ही कामे त्याने अनेक वर्षे केली. मर्सीचा थोरला मुलगा जेम्स हा अलायन्स या युद्धनौकेवर असताना लढाईत जखमी झाला. नौदलाशी या स्त्रीचा संबंध अशा रीतीने दुहेरी होता, जरी चित्र रंगवले गेले तेव्हा ते नौदल अस्तित्वातही आलेले नव्हते.

सुमारे १२६ सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद असलेल्या या चित्रात मर्सी उभी आहे. गडद पार्श्वभूमीवर तिच्या अंगावरचे निळे साटिन इतके उजळते की पाहणाऱ्याचे लक्ष आधी तिकडेच जाते; बाह्यांच्या टोकांना नाजूक लेसचे पदर आहेत, आणि पाठीवरून खाली सोडलेल्या चुण्यांचा तो पोशाख त्या काळच्या युरोपीय फॅशनचा आहे. तिचे दोन्ही हात नॅस्टर्शियमच्या वेलीवर आहेत, आणि ती वेल ती खुडत आहे की सावरत आहे हे कॉप्लीने मुद्दाम स्पष्ट केलेले नाही. फुलझाडाची निगा राखणारी स्त्री ही मुलांची निगा राखणाऱ्या आईची सूचक प्रतिमा म्हणून त्या काळात सर्वपरिचित होती, आणि मर्सीला पाच मुलगे झाले हे लक्षात घेतल्यास हा अर्थ येथे सहज जुळतो. जे दिसत नाही ते मात्र अधिक महत्त्वाचे आहे. ही स्त्री जेम्स ओटिस या प्रसिद्ध वकिलाची बहीण होती, लहानपणी भावाच्या अभ्यासाबरोबर तिचेही वाचन झाले होते, आणि पुढे १७७२ पासून तिने ब्रिटिश सत्तेवर टीका करणारी नाटके निनावी प्रसिद्ध केली. १८०५ साली तर अमेरिकन क्रांतीचा तीन खंडांतील इतिहास तिने स्वतःच्या नावाने छापला, आणि त्यातील आपल्याविषयीच्या मतांमुळे माजी अध्यक्ष जॉन ॲडम्स इतका दुखावला गेला की दोन जुन्या कुटुंबांत कडवट पत्रव्यवहार झाला. कॉप्लीच्या चित्रात लेखणी नाही, कागद नाही, पुस्तकही नाही. तिच्या लेखनाला तेव्हा प्रसिद्धी मिळालेली नव्हती हे खरे असले, तरी प्रसिद्धी असती तरीही त्या काळच्या स्त्रीच्या चित्रात दौत-लेखणी येणे दुर्मीळच होते.

पोशाखाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कॉप्लीने त्याच सुमारास रंगवलेल्या मेरी सार्जंट आणि मेरी पिकमन यांच्या चित्रांतही जवळजवळ असाच निळा पोशाख दिसतो, त्यामुळे हे वस्त्र त्या-त्या स्त्रीच्या कपाटातले होते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. लंडनमधील नामवंत चित्रकारांच्या कृती वसाहतींत मेझोटिंट या छापील रूपात पोहोचत. मेझोटिंट म्हणजे तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने पूर्ण खरबरीत करून, मग जेथे उजेड दाखवायचा तेथे तो खरवडून गुळगुळीत करण्याची पद्धत. खरबरीत भागात शाई अधिक धरली जात असल्याने सावलीपासून उजेडापर्यंतच्या सर्व छटा तीतून मखमलीसारख्या उतरतात. कॉप्लीचा सावत्र बाप पीटर पेल्हम हा याच तंत्राचा कारागीर होता. कॉप्लीने १७६३ च्या सुमारास रंगवलेल्या मिसेस जेराथमील बॉवर्स यांच्या चित्रात बसण्याची ढब, वस्त्र आणि मांडीवरचा कुत्रासुद्धा जोशुआ रेनल्ड्सच्या लेडी कॅरोलाइन रसेल या चित्रावरील मेझोटिंटमधून उचललेला आहे; चेहरा तेवढा बॉवर्सबाईंचा. ग्राहकालाही याचे वावडे नव्हते, उलट लंडनच्या उमराव स्त्रीची ढब आपल्या बायकोला लाभली याचा त्याला अभिमानच वाटत असावा.

म्हणून अशा चित्रात वस्त्र हे समाजाचे आणि चेहरा हा व्यक्तीचा, अशी विभागणी मनात ठेवून पाहणे उपयोगी ठरते. कॉप्लीच्या बाबतीत तर ते आवश्यकच आहे. १७३८ साली बॉस्टनमध्ये जन्मलेल्या आणि बंदरातील लाँग व्हार्फ या लांबलचक धक्क्यावर आईच्या तंबाखूच्या दुकानात वाढलेल्या या चित्रकाराला कोणत्याही कलाशाळेचे शिक्षण मिळाले नव्हते, आणि डोळ्यांना दिसते ते टिपण्याची त्याची चिकाटी बसणाऱ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहत असे. एकेका चेहऱ्यासाठी त्याने सहा-सहा तासांच्या पंधरा-सोळा बैठका घेतल्याचे त्या काळच्या आठवणींत सांगितले आहे, आणि मिसळलेला रंग सुरीच्या पात्यावर घेऊन तो समोरच्या माणसाच्या गालाशी धरून ताडून पाहण्याची त्याची सवय होती. इतका वेळ बसलेली व्यक्ती गोड हसू टिकवून धरू शकत नाही. चेहऱ्यावर हळूहळू तिची नेहमीची मुद्रा येते. मर्सीच्या चेहऱ्यावर ती मुद्रा आली आहे. रुंद कपाळ, किंचित आवळलेले ओठ आणि पाहणाऱ्याकडे थेट रोखलेली, पारख करणारी नजर यांमुळे हातातील फुलांची वेल उसनी वाटू लागते. आरंभीच्या अमेरिकन चित्रकलेतील हे एक श्रेष्ठ व्यक्तिचित्र आहे आणि त्याचे श्रेष्ठत्व साटिनच्या कौशल्यात जितके आहे त्याहून अधिक या नजरेच्या प्रामाणिकपणात आहे.

जेम्स नौदल मंडळाच्या कामासाठी बॉस्टनला असताना मर्सी बहुतेक काळ प्लिमथच्या घरी होती, आणि दोघांमधील पत्रांतून एकटेपणाची तक्रार, मुलांची काळजी, शेतीचे व्यवहार आणि राजकारणावरील टोकदार मते एकाच कागदावर येतात. १७८१ साली या जोडप्याने मिल्टन येथील जे घर विकत घेतले, ते पूर्वी थॉमस हचिन्सन या ब्रिटिशनिष्ठ गव्हर्नराचे होते, म्हणजे ज्या माणसावर मर्सीने आपल्या नाटकांतून घणाघाती टीका केली होती त्याच्याच छपराखाली ती काही वर्षे राहिली.

कॉप्लीचे स्वतःचे आयुष्यही समुद्रातील राजकारणाने वळवले. त्याचा सासरा रिचर्ड क्लार्क हा ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बॉस्टनमध्ये उतरवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी एक होता, आणि डिसेंबर १७७३ मध्ये तो चहा बंदरात फेकला गेल्यावर त्या कुटुंबाला शहरात राहणे कठीण झाले. कॉप्लीने १७७४ साली अमेरिका सोडली आणि पुन्हा तो परतला नाही. लंडनमध्ये १७७९ साली त्याने क्लार्क गेटन या ब्रिटिश ॲडमिरलचे आणि त्याच्या बायकोचे अशी दोन चित्रे केली. गेटन हा क्रांतियुद्धाच्या पहिल्या वर्षांत जमैका येथील ताफ्याचा प्रमुख होता, आणि त्याच्या ताफ्याने अमेरिकन जहाजे मोठ्या संख्येने पकडली होती. म्हणजे ज्या माणसांची जहाजे पकडली गेली त्यांच्यातच वाढलेल्या चित्रकाराने पकडणाऱ्याचे घर रंगवले. आज ॲडमिरलचे चित्र इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे आणि त्याच्या बायकोचे चित्र अमेरिकेत डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात. जोडचित्रांची अशी ताटातूट वारसाहक्क आणि लिलाव यांमुळे नेहमीच होत आली आहे, आणि त्यात बायकोच्या चित्राला नवऱ्याच्या नावाचीच पाटी घेऊन परक्या भिंतीवर एकटे राहावे लागते.

स्वतंत्र अमेरिकेत व्यक्तिचित्रणाची सूत्रे गिल्बर्ट स्टुअर्टकडे आली. ऱ्होड आयलंडमध्ये १७५५ साली जन्मलेला हा चित्रकार लंडनमध्ये बेंजामिन वेस्ट या चित्रकाराच्या हाताखाली शिकला, डब्लिनमध्ये काही वर्षे राहिला आणि १७९३ साली मायदेशी परतला. त्याने रंगवलेला जॉर्ज वॉशिंग्टनचा अपूर्ण चेहरा अमेरिकेच्या एका डॉलरच्या नोटेवरून जगभर पोहोचला आहे. कॉप्ली वस्त्राच्या प्रत्येक चुणीवर रेंगाळत असे, तर स्टुअर्टचा सारा जीव चेहऱ्यात होता. आधी रेखाटन न करता तो थेट कुंचल्याने सुरुवात करी, रंग घोटून एकजीव न करता शेजारी-शेजारी ठेवी, त्यामुळे त्वचेखालून रक्त वाहत असल्याचा भास होतो. वस्त्र आणि पार्श्वभूमी तो काही सपाट्यांत उरकून टाकी. न्यूयॉर्कमधील आयात व्यापाऱ्याची बायको मिसेस रिचर्ड यीट्स हिच्या चित्रात, जे आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कला दालनात आहे, वृद्धत्वाकडे झुकलेली ती स्त्री शिवणकाम करताना क्षणभर थांबून दोरा ताणून धरते आणि तिरक्या नजरेने पाहते. कामात गुंतलेली स्त्री, आणि त्या कामात व्यत्यय आल्याची चेहऱ्यावरची किंचित नाराजी, हे दोन्ही कॉप्लीच्या फुलवेलीपेक्षा कितीतरी मोकळे आहे.

नौदलातील जॉन बॅरी, जेम्स लॉरेन्स अशा अनेक अधिकाऱ्यांना स्टुअर्टने रंगवले. खांद्यापर्यंतच्या चित्रासाठी तो शंभर डॉलर घेई, आणि १७९९ च्या कायद्यानुसार ३२ किंवा त्याहून अधिक तोफांची युद्धनौका चालवणाऱ्या कप्तानाचा महिन्याचा पगारही शंभर डॉलरच होता. म्हणजे स्वतःचे आणि बायकोचे अशी जोडी करवून घ्यायची तर दोन महिन्यांचा पगार त्यात जाई, आणि कनिष्ठ अधिकाऱ्याला तर ते परवडणारेच नव्हते. शत्रूचे जहाज पकडल्यावर त्याच्या किमतीतून अधिकाऱ्यांना आणि खलाशांना जो वाटा मिळे, त्यावर नौदल कुटुंबांची खरी सुबत्ता अवलंबून असे. कप्तानाचा वाटा तीन विसांश इतका होता.

समुद्रावरील घटना चित्राच्या लाकडापर्यंत कशा पोहोचतात याचे एक उदाहरण स्टुअर्टच्या कामात सापडते. जून १८०७ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ लेपर्ड या ब्रिटिश युद्धनौकेने अमेरिकेच्या चेसापीक या युद्धनौकेवर तोफा डागल्या आणि तिच्यावरील चार खलाशांना पळपुटे म्हणून उचलून नेले. या अपमानाने आणि ब्रिटन-फ्रान्सच्या व्यापारी निर्बंधांनी चिडलेल्या अमेरिकन सरकारने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये परदेशी व्यापारावर बंदी घातली, जी मार्च १८०९ पर्यंत टिकली. इंग्लंडहून येणारा चित्रासाठीचा चांगला कॅनव्हास मिळेनासा झाला, तेव्हा स्टुअर्टने महोगनीच्या फळ्या वापरायला सुरुवात केली. पण गुळगुळीत लाकडावर त्याचा कुंचला घसरे, म्हणून तो फळीवर दातेरी हत्याराने तिरकस रेघा ओढवून घेई, जेणेकरून तिरक्या विणीच्या इंग्रजी कॅनव्हाससारखा पोत मिळावा. त्या वर्षांतील अनेक चित्रांत बाजूने उजेड पडला की या रेघा आजही दिसतात.

त्या पिढीतील स्त्रियांच्या अंगावरचे कपडेही जहाजांनीच आणलेले होते. जड साटिन मागे पडून छातीखाली आवळलेले, पांढऱ्या तलम मलमलीचे झगे आले होते, आणि उत्तम मलमल बंगालची असे. त्यावर घेतलेली शाल काश्मीरची असली तर घराची प्रतिष्ठा वाढे. मॅसॅच्युसेट्समधील सेलमसारख्या बंदरांतील कप्तान मुंबई आणि कलकत्त्याशी थेट व्यापार करू लागले होते, आणि मुंबईतील त्यांचे पारशी दलाल नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे त्याच काळातील व्यक्तिचित्र सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे. अमेरिकन स्त्रीच्या चित्रातील मलमल ज्या व्यापारातून आली, त्या व्यापाराच्या हिंदुस्थानी टोकालाही चित्रकाराची हाक गेली होती, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावी.

भिंतीवरचे मोठे चित्र समुद्रावर नेता येत नसे. तेथे साथ देई ते लघुचित्र. येथे लघुचित्र म्हणजे राजस्थानी किंवा पहाडी शैलीतील कागदावरचे चित्र अभिप्रेत नाही. हस्तिदंताच्या कागदासारख्या पातळ चकतीवर जलरंगात काढलेला, तळहातात मावणारा एकाच व्यक्तीचा चेहरा म्हणजे हे लघुचित्र. हस्तिदंताचा पृष्ठभाग तेलकट असल्यामुळे तो आधी घासून तेल काढून टाकावा लागे, रंगात डिंक मिसळावा लागे आणि पुसट रेषा व ठिपके एकमेकांवर चढवत जावे लागे, कारण ओला हात जोराने फिरवला की खालचा रंग सुटून येई. जेथे त्वचा दाखवायची तेथे रंग अगदी विरळ ठेवल्याने हस्तिदंताची स्वतःची उजळ झाक चेहऱ्याला मिळते, आणि तेलरंगाला न साधणारी जिवंत कांती या इवल्याशा चित्रात येते. न्यूपोर्टमध्ये १७७७ साली जन्मलेला आणि अवघ्या तिसाव्या वर्षाच्या आत मरण पावलेला एडवर्ड ग्रीन मालबोन हा या कलेतील अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ कलावंत मानला जातो. सोन्याच्या चौकटीत काचेखाली बसवलेल्या या चित्राच्या मागच्या बाजूला पुष्कळदा त्या व्यक्तीच्या केसांची वेणी घातलेली बट असे, आणि नौदल अधिकारी दूरच्या सफरीवर निघताना बायकोचे असे चित्र जवळ बाळगत.

सुझन व्हीलर हिच्या बाबतीत या चित्राची दिशा उलटी होती, असे परंपरेने सांगितले जाते. सुझन ही व्हर्जिनियातील नॉरफोकचा महापौर ल्यूक व्हीलर याची मुलगी. १८०५ साली काँग्रेस ही युद्धनौका तेथे नांगरून पडली असताना ती पाहायला गेलेल्या पाहुण्यांत ती होती, आणि जहाजावरच्या खोलीत तिला स्टीफन डिकेटर या तरुण कप्तानाचे इटलीत काढलेले लघुचित्र दिसले, त्यावरून तिचे मन त्याच्यावर जडले, अशी ती कथा आहे. कथा कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी पुरुषाकडे पाहणारी आणि निवड करणारी स्त्री तिच्यात आहे, हे जोडचित्रांच्या जगात विरळा घडणारे आहे. मार्च १८०६ मध्ये दोघांचे लग्न झाले.

डिकेटर तेव्हाच राष्ट्राचा नायक झाला होता. फेब्रुवारी १८०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीच्या बंदरात शत्रूच्या हाती पडलेली अमेरिकेची फिलाडेल्फिया ही युद्धनौका त्याने रात्रीच्या हल्ल्यात जाळून टाकली होती. १८१२ च्या युद्धात त्याने मॅसिडोनियन ही ब्रिटिश युद्धनौका पकडून आणली, अमेरिकेच्या सरकारने तिची किंमत दोन लाख डॉलर धरली आणि डिकेटरच्या वाट्याला तीस हजार डॉलर आले. लुटीच्या अशाच पैशांतून वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांच्या निवासस्थानासमोरच्या चौकात बेंजामिन हेन्री लॅट्रोब या वास्तुविशारदाकडून त्यांनी विटांचे तीन मजली घर बांधून घेतले आणि १८१९ च्या आरंभी ते तेथे राहायला गेले. पुढच्या वर्षी, २२ मार्च १८२० रोजी, ब्लेडन्सबर्ग येथील द्वंद्वयुद्धात डिकेटर जखमी झाला आणि त्याच रात्री आपल्या घरी मरण पावला. त्याच्यावर गोळी झाडणारा जेम्स बॅरन हा १८०७ साली चेसापीकवर प्रमुख असलेला अधिकारी होता. लेपर्डपुढे शरण गेल्याबद्दल त्याच्यावर चाललेल्या लष्करी खटल्यात डिकेटर न्यायाधीशांपैकी एक होता, आणि पुढे बॅरनला पुन्हा सेवेत घेण्यालाही त्याने विरोध केला होता. ज्या घटनेने स्टुअर्टच्या हातातला कॅनव्हास काढून घेतला, त्याच घटनेने सुझनला विधवा केले.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांविषयी चित्रे काहीच सांगत नाहीत, कागदपत्रे सांगतात. सुझनने ते घर सोडले आणि ते परदेशी वकिलांना व अमेरिकन मंत्र्यांना भाड्याने दिले. भाडेकरूंत हेन्री क्ले आणि मार्टिन व्हॅन ब्यूरन हे दोन परराष्ट्रमंत्री होते. कर्ज वाढत गेल्याने १८३६ साली तिला ते विकावे लागले. दरम्यान तिने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्जांची मालिका सुरू केली होती. तिचा मुद्दा असा होता की फिलाडेल्फिया ही नौका त्रिपोलीच्या बंदरातून बाहेर काढून आणता आली असती, परंतु ती जाळण्याचाच हुकूम असल्यामुळे डिकेटरला आणि त्याच्या माणसांना तिच्या किमतीतील वाटा मिळाला नाही, तेव्हा सरकारने आता तो द्यावा. या मागणीसाठी तिने सभासदांना पत्रे लिहिली, साक्षी गोळा केल्या, वर्षामागून वर्षे अधिवेशनांचा पाठपुरावा केला. ती कॅथलिक झाली, जॉर्जटाउनमध्ये राहू लागली, आणि तेथील कॉलेजला आपल्याजवळची रक्कम देऊन तिने त्याबदल्यात वार्षिक उत्पन्नाची सोय करून घेतली.

३ मार्च १८३७ रोजी काँग्रेसने नौदलातील विधवांच्या निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण कायदा केला आणि त्याच दिवशी केवळ सुझन डिकेटरसाठी एक स्वतंत्र ठरावही संमत केला. नौदलमंत्र्याने दोहोंपैकी एकच घ्यावे लागेल असे कळवले, तेव्हा तिने सर्वसाधारण कायद्याखालील रक्कम हरकत नोंदवून स्वीकारली आणि दुसरीसाठी नवा नौदलमंत्री जेम्स पॉल्डिंग याच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १८४० साली निकाल दिला, तो तिच्या विरुद्ध गेला. सरन्यायाधीश रॉजर टॉनी याचे म्हणणे असे की काँग्रेसच्या ठरावाचा अर्थ लावणे हे मंत्र्याच्या विवेकबुद्धीचे काम आहे, केवळ यांत्रिक कर्तव्य नव्हे, आणि अशा कामात मंत्र्याला अमुक करच असा आदेश न्यायालय देऊ शकत नाही. सरकारी अधिकाऱ्यांवर न्यायालयाचा अंमल कोठवर चालतो या प्रश्नाची चर्चा करताना अमेरिकन कायद्याच्या ग्रंथांत हा खटला डिकेटर विरुद्ध पॉल्डिंग या नावाने उद्धृत केला जातो, आणि त्यातील डिकेटर म्हणजे त्रिपोलीचा कप्तान नसून १८६० साली जॉर्जटाउनमध्ये निधन पावलेली सुझन आहे.